पहिल्या दिवसाची कार्यक्रमपत्रिका
लंडनची दूरचित्रवाणी : २ नोव्हेंबर १९३६

इतिहासाच्या पाठ्यपुस्तकांत एखाद्या दिवसाला स्थान मिळते ते बहुधा लढाई, तह किंवा राज्यारोहण यांमुळे. १४ जानेवारी १७६१ हा दिवस आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असतो. परंतु ज्या दिवशी तोफ उडाली नाही, राजा बदलला नाही, फक्त काही भाषणे झाली, एक गाणे गायिले गेले, दोघे नर्तक नाचले, कसरतीचे खेळ झाले आणि रात्री काही माणसांनी थोड्या गप्पा मारल्या, अशा दिवसाला इतिहासात स्थान द्यावे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. प्रस्तुत लेखाचा विषय असा एक दिवस आहे. सोमवार, दिनांक २ नोव्हेंबर १९३६ रोजी लंडन शहराच्या उत्तरेस एका टेकडीवर उभ्या असलेल्या अलेक्झांड्रा पॅलेस या वास्तूतून बी. बी. सी.ची दूरचित्रवाणी सुरू झाली. त्या दिवशीच्या कार्यक्रमांकडे बारकाईने पाहिल्यास, पुढे जगभर घरोघरी पोहोचलेल्या एका माध्यमाचा साचा त्या एका दिवसात कसा घडला हे तर दिसतेच. पण इतिहास लिहिणाऱ्याने कोणत्या साधनांवर विसंबावे आणि कोणत्या कथांपासून सावध राहावे, याचाही बोध होतो.

१

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. हा दिवस 'जगातील दूरचित्रवाणीचा पहिला दिवस' असे सरसकट म्हटले जाते, ते बरोबर नाही. जॉन लोगी बेअर्ड या स्कॉटिश संशोधकाने २६ जानेवारी १९२६ रोजी लंडनच्या सोहो भागातील एका माडीवर रॉयल इन्स्टिट्यूशनच्या सभासदांना हलत्या चेहऱ्याचे चित्र दाखविले, त्याला दहा वर्षे उलटून गेली होती. ३० सप्टेंबर १९२९ पासून बेअर्ड यांची प्रायोगिक चित्रे बी. बी. सी.च्याच प्रक्षेपकावरून जाऊ लागली होती. १४ जुलै १९३० रोजी तर पिरांदेल्लोची एक छोटी नाटिकाही त्या मार्गाने दाखविण्यात आली होती. जर्मनीत बर्लिन येथे २२ मार्च १९३५ रोजी दूरचित्रवाणीची नियमित सेवा सुरू झाली होती व लोक सार्वजनिक दालनांत जाऊन ती पाहत होते. मग लंडनच्या दिवसाचे वेगळेपण कशात? ते दोन गोष्टींत आहे. एक, चित्राची स्पष्टता. आणि दुसरी, घरात बसून पाहणाऱ्या सामान्य माणसासाठी दररोज ठरलेल्या वेळी विविध कार्यक्रम देण्याचा संकल्प.

स्पष्टतेची गोष्ट थोडी समजावून सांगितली पाहिजे. आपण पुस्तकाचे पान वाचतो तेव्हा डोळा एकेक ओळ डावीकडून उजवीकडे संपवीत खाली उतरतो. दूरचित्रवाणीचे यंत्रही चित्र असेच 'वाचते'. ते चित्राच्या आडव्या ओळी पाडते आणि प्रत्येक ओळीतील उजेड-अंधाराचे विजेच्या चढउतारात रूपांतर करून पाठवते. ओळी जितक्या अधिक, तितके चित्र रेखीव. बेअर्ड यांच्या आरंभीच्या चित्रांत अशा ओळी फक्त ३० असत. तेवढ्यात एखादा चेहरा जेमतेम ओळखू येई. ब्रिटिश सरकारने १९३४ साली लॉर्ड सेल्सडन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली. जानेवारी १९३५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या अहवालात असे सांगितले होते की, सेवा बी. बी. सी.ने चालवावी, चित्र निदान २४० ओळींचे असावे, आणि बेअर्ड कंपनी व मार्कोनी-ई. एम. आय. कंपनी या दोन प्रतिस्पर्धी पद्धती आलटूनपालटून वापरून पाहून मग निर्णय घ्यावा. म्हणजे २ नोव्हेंबरचा सोहळा हा उद्घाटनसोहळा होता, तसाच तो एका परीक्षेचा पहिला पेपरही होता.

२

या परीक्षेसाठी निवडलेली वास्तूही लक्षात घेण्यासारखी आहे. अलेक्झांड्रा पॅलेस हे राजवाड्याचे नाव धारण करीत असले तरी तेथे कोणी राजा कधी राहिला नाही. लोकांच्या करमणुकीसाठी १८७३ साली ते उघडले, अवघ्या सोळा दिवसांत जळाले आणि १८७५ मध्ये पुन्हा बांधून उभे राहिले. टेकडीची उंची आणि तिच्यावर उभारलेला मनोरा मिळून प्रक्षेपणाचे टोक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० फुटांवर गेले. त्या काळच्या अंदाजाप्रमाणे तेथून निघालेली चित्रे २५ मैलांच्या परिसरात नीट दिसावयाची होती. म्हणजे ही राष्ट्रीय सेवा म्हणविली जात असली तरी वस्तुतः ती लंडन व त्याच्या आसपासच्या परिसराचीच सेवा होती.

तेथे दोन्ही पद्धतींसाठी स्वतंत्र कार्यशाळा सजविण्यात आल्या. बेअर्ड यांच्या बाजूची स्थिती विचित्र होती. एकटा निवेदक दाखवावयाचा असेल तर त्याला अंधाऱ्या खोलीत बसवून त्याच्या चेहऱ्यावरून प्रकाशाचा एक झोत वेगाने फिरविला जाई. त्यात डोके आणि खांदे यांपलीकडे फारसे काही मावत नसे. अधिक माणसे दाखवावयाची असतील तर प्रथम त्यांचे सिनेमाच्या फिल्मवर चित्रण करावयाचे, ती फिल्म तेथल्या तेथे रसायनांत बुडवून धुवावयाची आणि ओली असतानाच तिचे चित्र पाठवावयाचे. या खटाटोपात सुमारे एक मिनिट जाई. म्हणजे प्रेक्षक जे 'आत्ता' म्हणून पाहत होता, ते मिनिटभरापूर्वीच होऊन गेलेले असे. कॅमेरा एका जागी खिळलेला; त्याला ना पुढे सरकता येई, ना बाजूला वळता येई. याउलट मार्कोनी-ई. एम. आय. कंपनीने आयझॅक शोएनबर्ग यांच्या मार्गदर्शनाखाली सिद्ध केलेले कॅमेरे पूर्णपणे विजेवर चालणारे होते. एकाऐवजी अनेक कॅमेरे वापरता येत, त्यांची जागा बदलता येई आणि चित्र तत्क्षणी जाई. त्यांच्या चित्रात ४०५ ओळी होत्या; आधी एकाआड एक ओळी, मग मधल्या राहिलेल्या ओळी, अशा दोन फेऱ्यांत ते पुरे होई, आणि त्यामुळे डोळ्याला लुकलुक कमी जाणवे.

पहिला मान कोणाचा, हे ठरविण्यासाठी नाणे उडविण्यात आले. कौल बेअर्ड यांच्या बाजूने लागला. दुपारी तीन वाजता बेअर्ड पद्धतीवर सोहळा सुरू झाला. बी. बी. सी.चे अध्यक्ष आर. सी. नॉर्मन, पोस्टमास्टर जनरल मेजर ट्रायन आणि लॉर्ड सेल्सडन यांची भाषणे झाली. नंतर तेच सारे मार्कोनी-ई. एम. आय. पद्धतीवर पुन्हा सादर करण्यात आले. एकाच दुपारी एकच उद्घाटन दोनदा करण्याचा हा प्रसंग आज हास्यास्पद वाटेल. परंतु त्यामागे दोघा स्पर्धकांना समान न्याय देण्याची प्रामाणिक बुद्धी होती, हे नाकारता येत नाही.

या सोहळ्यातील एक गोष्ट मात्र मनाला चटका लावते. ज्याच्या खटपटीने इंग्लंडात दूरचित्रवाणी हा शब्द लोकांच्या तोंडी झाला, तो बेअर्ड त्या दिवशी व्यासपीठावर नव्हता. तो निमंत्रितांच्या गर्दीत बसला होता, आणि त्याची खंत त्याने पुढे आपल्या आठवणींत नमूद करून ठेविली आहे. नाणेफेक त्याच्या कंपनीने जिंकली. पण दिवस त्याचा नव्हता.

३

आता कार्यक्रमांकडे वळू. भाषणांनंतर ब्रिटिश मूव्हिटोन या सिनेमा कंपनीचा बातमीपट दाखविण्यात आला. नंतर विविध करमणुकीचा कार्यक्रम झाला. ॲडेल डिक्सन या अभिनेत्रीने दूरचित्रवाणीवरच मुद्दाम रचलेले एक गीत हायम ग्रीनबॉम यांच्या वाद्यवृंदाच्या साथीने गायिले. ही अभिनेत्री संगीतिकांत नाव मिळवून होती, पण त्यापूर्वी ओल्ड व्हिक रंगभूमीवर जॉन गिलगुड यांच्याबरोबर शेक्सपिअरच्या नायिकाही तिने रंगविल्या होत्या. 'बक अँड बबल्स' ही अमेरिकन निग्रो कलावंतांची जोडी नाचली व विनोद करून गेली. यांतील बबल्स यांनी आदल्याच वर्षी गर्श्विन यांच्या 'पोर्गी अँड बेस' या संगीतिकेच्या पहिल्या प्रयोगात महत्त्वाची भूमिका केली होती. लाय फाउन या चिनी मंडळीने हातचलाखीचे व कसरतीचे खेळ केले. दुपारचा भाग येथे संपला.

या यादीत दूरचित्रवाणीचे स्वतःचे असे काय होते? जवळजवळ काहीच नाही. बातम्या सिनेमागृहांतून आणलेल्या, गाणे संगीतिकेच्या रंगमंचावरून आलेले, नाच व कसरती लंडनच्या लोकप्रिय नाट्यगृहांतून उचललेल्या, आणि भाषणे तर नभोवाणीला सरावलेलीच. बी. बी. सी.ला स्वतःचा बातमीपट काढण्यास १९४८ साल उजाडावे लागले. नव्या माध्यमाने पहिल्या दुपारी जुन्या कलांकडून उसनवारी केली, असे म्हणावे लागेल. यात दोष मुळीच नाही. मुद्रणकला युरोपात आली तेव्हा आरंभीच्या छापील ग्रंथांनीही हस्तलिखितांचीच अक्षरवळणे उचलली होती. नवे साधन प्रथम जुन्याचा वेष घेते. स्वतःचे रूप त्याला मागाहून सापडते.

ते रूप सापडण्याची पहिली खूण त्याच रात्री दिसते. रात्री नऊ ते दहा हा दिवसाचा दुसरा तास. त्यात प्रथम 'टेलिव्हिजन कम्स टू लंडन' हा माहितीपट झाला, आणि नंतर 'पिक्चर पेज' नावाचा कार्यक्रम. त्याचे सूत्रधार सिसिल मॅडन. योजना अगदी साधी होती. जोन मिलर ही कॅनडातून आलेली अभिनेत्री टेलिफोन जोडून देणाऱ्या मुलीच्या वेषात बसलेली असे. ती एकेका पाहुण्याला 'जोडून' देई, आणि लेस्ली मिचेल हा निवेदक त्याच्याशी चार शब्द बोले. पाहुण्यांत कोणी विमान चालविणारा, कोणी खेळाडू, कोणी नट, कोणी साधा कारागीर. ऑल्जरनॉन ब्लॅकवुड यांच्यासारखे भयकथालेखकही आरंभीच्या दिवसांत येथे येऊन कथा सांगून गेले. प्रत्येकाला काही मिनिटे मिळत. नाट्यगृहात नट हजारांकडे पाहून बोलतो. सिनेमात तो दुसऱ्या पात्राकडे पाहून बोलतो. येथे माणूस सरळ एका घरातील एकदोन माणसांकडे पाहून बोलू लागला. हे नाते पूर्वीच्या कोणत्याही दृश्यकलेत नव्हते. 'पिक्चर पेज' युद्धापूर्वी तर चाललाच, युद्धानंतरही १९५२ पर्यंत टिकला.

माझ्या मते त्या दिवसाचे खरे महत्त्व येथे आहे. दुपारी यंत्रांची परीक्षा झाली. रात्री एका नव्या रचनाबंधाचा जन्म झाला. आणि तो रचनाबंध म्हणजे मासिकाचा. 'पिक्चर पेज' या नावातच 'पान' आहे. आपल्याकडे १८९५ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन' काढले. कथा, कविता, लेख, चित्रे हे सारे एका वेष्टनात बांधून वाचकाच्या घरी नेऊन देणारी असली मासिके आपल्याला चांगली परिचित आहेत. मासिकाच्या वाचकाची सगळ्याच मजकुरावर सारखी भक्ती नसते. तो कथेसाठी अंक उघडतो आणि वाटेत एखादा शास्त्रीय लेखही वाचून जातो. संमिश्र क्रमाची शक्ती हीच आहे. जे आवडते त्याच्या शेजारी, जे अजून ठाऊक नाही ते ठेवावयाचे. अलेक्झांड्रा पॅलेसच्या मंडळींनी हे तत्त्व लवकरच सबंध आठवड्याला लावले. उद्घाटनाच्या महिन्यातच मिडल्टन यांचा बागकामाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नाटकातील प्रवेश दाखविण्यात आले. जानेवारी १९३७ पासून मार्सेल बुलेस्टँ हे फ्रेंच पाकशास्त्रज्ञ स्वयंपाक शिकवू लागले. रविवार सोडून रोज दोन तास, एवढ्याच अवकाशात हे सारे बसवावयाचे होते.

हे करणारी माणसे मूठभर होती, आणि त्यांच्या वरिष्ठांनाही या कामाविषयी फार उत्साह नव्हता. महासंचालक जॉन रीथ यांची निष्ठा नभोवाणीवर होती; दूरचित्रवाणीचे प्रमुख जेराल्ड कॉक यांना आपला मार्ग पुष्कळसा स्वतःच काढावा लागला. ऑगस्ट १९३६ मधील रेडिओ प्रदर्शनासाठी एक कार्यक्रम बसवावा, असे मॅडन यांना सांगण्यात आले तेव्हा त्यांच्या हाती जेमतेम दहाएक दिवस होते. पूर्वपरंपरा नाही, साधने अपुरी आणि वेळ थोडा, अशा स्थितीत जे सुचले तेच पुढे परंपरा झाले. वाङ्मयाच्या इतिहासातही पुष्कळदा असेच घडते.

४

हा दिवस पाहिला कोणी? त्या वेळी लंडनच्या परिसरात घरगुती संच फार तर काही शेकडा होते. एका संचाची किंमत शंभर गिनींच्या आसपास होती, आणि त्याच सुमारास फोर्ड कंपनीची सर्वांत स्वस्त मोटारगाडी १०० पौंडांना मिळत होती. सामान्य माणसाने हा चमत्कार पाहिला असेल तर तो दुकानात किंवा एखाद्या सार्वजनिक ठिकाणी उभ्याउभ्या. पुढे किमती उतरल्या. १२ मे १९३७ रोजी सहाव्या जॉर्ज राजाच्या राज्यारोहणाची मिरवणूक हाइड पार्कच्या कोपऱ्यावरून थेट दाखविली गेली, तिचा मोठा बोलबाला झाला, आणि १९३९ पर्यंत संचांची संख्या सुमारे वीस हजारांवर गेली.

यंत्रांच्या परीक्षेचा निकाल मात्र त्याच्या पुष्कळ आधी लागला. ३० नोव्हेंबर १९३६ च्या रात्री क्रिस्टल पॅलेसला आग लागून बेअर्ड कंपनीच्या तेथील प्रयोगशाळांची मोठी हानी झाली. पण आग लागली नसती तरी निकाल बदलला असता असे वाटत नाही. कार्यक्रम करणाऱ्यांना कोणता कॅमेरा हवा होता, हे केव्हाच ठरून गेले होते. ३० जानेवारी १९३७ रोजी बेअर्ड पद्धतीचे शेवटचे प्रक्षेपण झाले आणि पुढच्या महिन्यापासून ४०५ ओळींची पद्धत तेवढी उरली. ती ब्रिटनमध्ये थेट जानेवारी १९८५ पर्यंत चालू होती. नाणेफेक जिंकणारा तीन महिन्यांत बाद झाला. हरणाऱ्याची पद्धत अठ्ठेचाळीस वर्षे टिकली.

१ सप्टेंबर १९३९ रोजी, युद्धाच्या तोंडावर, ही सेवा बंद करण्यात आली. शेवटी मिकी माउसचे एक व्यंगचित्रपट दाखविले गेले. त्याविषयी अशी कथा सांगतात की, चित्रपट अर्ध्यावर तोडला गेला आणि सात वर्षांनी निवेदिकेने जणू काही झालेच नाही अशा थाटात तेथूनच पुढे सुरुवात केली. कथा गोड आहे, पण खरी नाही. चित्रपट पुरा झाला होता, त्यानंतर यंत्रे जुळविण्याच्या खुणाही दाखविल्या गेल्या, आणि मग सेवा थांबली. ७ जून १९४६ रोजी जास्मिन ब्लाय या पूर्वीच्याच निवेदिकेने प्रेक्षकांचे पुन्हा स्वागत केले आणि तोच चित्रपट पुन्हा दाखविण्यात आला, एवढे मात्र सत्य आहे. त्यानंतर बरोबर एका आठवड्याने, १४ जून १९४६ रोजी, बेअर्ड निधन पावले. या योगायोगाला कल्पित कथेच्या अलंकाराची गरज नाही.

५

आता शेवटचा आणि आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. २ नोव्हेंबर १९३६ चे प्रक्षेपण आज कोणालाही पाहता येत नाही. जे गेले ते हवेत गेले. चित्र टिपून ठेवण्याची सोय त्या काळी नव्हती. ॲडेल डिक्सन गात आहेत असे जे दृश्य आज दाखविले जाते, ते त्या दुपारचे नव्हे; ते 'टेलिव्हिजन कम्स टू लंडन' या माहितीपटासाठी स्वतंत्रपणे चित्रित केलेले आहे. पाहणारा त्यालाच पहिला दिवस समजतो. खरा पहिला दिवस उरला आहे तो कागदावर : 'रेडिओ टाइम्स'मधील छापील कार्यक्रमात, वृत्तपत्रांच्या वर्णनांत, कचेरीच्या टिपणांत आणि वृद्धांच्या आठवणींत. जे माध्यम पुढे छापील शब्दाचा प्रतिस्पर्धी म्हणून मिरवले, त्याच्या जन्माचा दाखला छापील शब्दानेच जपून ठेविला, ही गोष्ट विसरण्याजोगी नाही.

भारतात दूरचित्रवाणी १५ सप्टेंबर १९५९ रोजी दिल्लीस आली आणि २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबईस. मुंबई केंद्रावरील 'आमची माती आमची माणसं', 'गजरा', 'ज्ञानदीप', 'प्रतिभा आणि प्रतिमा' यांची सांज ज्यांनी अनुभविली आहे, त्यांना शेती, विनोद, लोकशिक्षण आणि वाङ्मय एकाच पडद्यावर शेजारीशेजारी नांदविणारा तो संमिश्र क्रम आठवत असेल. तो क्रम मुळात कोठे व कशा अडचणीत जुळला, हे वरील विवेचनावरून ध्यानी येईल. आज शेकडो वाहिन्यांनी प्रत्येक आवडीला वेगळे दालन काढून दिले आहे. त्यामुळे सोय झाली, पण शेतीचा कार्यक्रम संपेपर्यंत थांबलेल्या माणसाच्या कानी कवितेचे चार शब्द पडण्याचा योग मात्र सरला.

आपल्या संस्थांपुरता यातून निघणारा बोध अगदी व्यवहारी आहे. बेळगाव, इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, गोमंतक अशा ठिकाणी गेली शंभराहून अधिक वर्षे मराठी मंडळींनी व्याख्याने, नाटके, कविसंमेलने, गणेशोत्सवातील मेळे भरविले. त्यांचे शब्द हवेत गेले; वक्ते गेले, श्रोतेही गेले. त्या दिवसांच्या कार्यक्रमपत्रिका मात्र कोठल्या तरी कपाटात, कोठल्या तरी वहीच्या पानांत दडपून राहिल्या असतील. समारंभ आटोपला की पत्रिका आपण टाकून देतो, कारण तिच्यात 'वाङ्मय' काही नसते. परंतु कोणत्या क्रमाने काय झाले, प्रथम कोण बोलले, कोणते गाणे कोणत्या भाषणानंतर आले आणि व्यासपीठावर कोणाला स्थान मिळाले नाही, हे पुढच्या संशोधकाला सांगणारा बहुतेक वेळा तो एकच कागद असतो. शिक्षकांनी आपापल्या गावी असे कागद गोळा करावेत, त्यांवर तारीख नसेल तर जाणत्यांना विचारून ती घालावी, आणि संस्थेच्या दप्तरात ते जपून ठेवावेत. लंडनच्या एका दिवसाचा इतिहास अशाच कागदांमुळे लिहिता आला. आपल्या दिवसांचाही लिहिता येईल.